तीन बदल

१

माझं काम रस्ते बनवण्याचं. खरे नव्हेत, मोबाइलवरच्या एका खेळातले. खेळात एक शेळी आहे. पडद्यावर बोट टेकवलं की ती एक उडी पुढे मारते. समोर रस्ता, मग गवत, मग दोन रस्ते, मग रेल्वेचे रूळ, मग पुन्हा गवत. गाडीखाली आली की खेळ संपला. नाही आली तर रस्ते संपत नाहीत. शेळीला पलीकडे जाऊन करायचंय काय, हे आम्हाला आजवर कोणी विचारलेलं नाही आणि खेळ चार वर्षं चालतोय. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. लोक खेळाखाली लिहितात, ‘रस्ते तेच तेच येतात.’

तेच तेच येतात हे खरंच आहे. सगळे मिळून चोवीस तुकडे आहेत. तुकडा म्हणजे एक आडवी पट्टी: रस्ता, कडेची झाडं, खांब, एखादं घर. हेच चोवीस तुकडे उलटसुलट क्रमाने पुढे येत राहतात. ते ओळखू येऊ नयेत म्हणून दर वेळी तुकड्यात तीन गोष्टी बदलायच्या. झाड डावीकडून उजवीकडे न्यायचं, दाराचा रंग बदलायचा, खांबावरचा दिवा काढायचा. हा नियम माझा. दोनच बदल केले तर माणूस तुकडा ओळखतो. चार केले तर काहीतरी हललंय असं त्याला वाटतं. तीन केले तर त्याला काहीच वाटत नाही. हे मी शेकडो लोकांना खेळायला बसवून, त्यांच्या पाठीशी उभं राहून पाहिलं आहे. या बाबतीत ऑफिसात माझ्याशी कोणी वाद घालत नाही.

दुसरा नियम मास्तरचा. मास्तर आमचा प्रोग्रॅमर. आधी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून मास्तर. शेळी पुढे गेल्यावर फोनने मागचं ओझं कशाला वागवायचं, म्हणून त्याने मागच्या तीनच पट्ट्या ठेवल्या. शेळीला तीन पट्ट्या मागे येता येतं, चौथीवर नाही. आणि कोणी नुसतंच उभं राहिलं, तर पडद्याची खालची कड हळूहळू वर सरकत येते. “पुढचं पाठ, मागचं सपाट,” असं मास्तर म्हणतो. शाळेत हे तो पोरांना ओरडून सांगायचा. इथे त्याचा त्याने नियमच केला.

२

घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीला आम्ही टिटवी म्हणतो, कारण जागी असली की तिचं तोंड बंद नसतं. बायको घरीच शिलाई करते. जिन्यात पाय ठेवला की मशीनचा आवाज येतो आणि त्यावरून मला आतलं हवामान कळतं. मशीन सलग चालू असलं की ठीक. तुटक तुटक चाललं असलं तर चपला हळू काढायच्या.

ऑफिसला मी चालत जातो. वीस मिनिटं लागतात आणि चार रस्ते ओलांडावे लागतात. पहिला घरासमोरचा, मोठा, मधे दुभाजक असलेला. त्याच्या टोकाला पाण्याची उंच टाकी आहे. मग शाळेचा रस्ता, मग दुकानांचा आणि शेवटी ऑफिससमोरचा.

त्या मंगळवारी संध्याकाळी घरी आलो, हात धुवायला गेलो आणि नळ उघडेना. जोर लावला, बोटं दुखली, तेव्हा कळलं की तो उलट्या बाजूला फिरतो. पाणी प्यायला फ्रीज उघडायला गेलो, तर मूठ डावीकडे. जेवताना वर पाहिलं, तर भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता.

“एक, दोन, तीन,” मी मोजलं आणि मला हसू आलं.

“काय मोजतोयस?” बायकोने विचारलं.

“फ्रीजची मूठ इकडे कधीपासून आहे?”

“लग्नापासून. गार होतंय, जेव.”

दिवसभर तुकडे जुळवणाऱ्या माणसाला घरी तुकडे दिसणारच. शिंप्याला वरातीतसुद्धा नवरदेवाच्या कोटाची उसवण दिसते. मी स्वतःची अशी समजूत घातली आणि नळ उलटा फिरवायला शिकलो.

३

बुधवारी न्हाणीघराची कडी दाराच्या वरच्या अंगाला होती, जिन्याचा कठडा लोखंडी होता आणि बायकोचं मशीन दुसऱ्या खिडकीत होतं. गुरुवारी उशांचे अभ्रे, दिव्याची बटणं आणि शेजारच्या काकांची मिशी. काका दारात उभे राहून नेहमीसारखे खोकले. मिशी मात्र नव्हती, आणि ओठावर ती कधी असल्याची खूणही नव्हती.

रोज तीन. शोधशोध शोधलं तरी चौथा सापडायचा नाही. यानेच मला जास्त घाबरवलं. डोळे दगा देत असतील तर ते मोजून कशाला देतील? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाटीवरची अक्षरं वाचायला लावली, मी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. ते म्हणाले, झोपा जरा.

बायकोला सांगून पाहिलं. तिने तोंडातली टाचणी काढली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, तुझी ती शेळी एक दिवस तुला घेऊन जाईल बघ. सुट्टी काढ.” मग टाचणी परत तोंडात गेली, म्हणजे विषय संपला.

राहिली टिटवी. ती पलंगावर पालथी पडून आमचाच खेळ खेळत होती. आमचा खेळ तिच्याइतका कोणी तपासला नसेल. मी तिच्याजवळ बसलो.

“टिटवे, घरात काही बदललंय का गं?”

तिने मान वर केली नाही. “घरात नाही.”

“मग?”

“तूच रोज थोडा वेगळा येतोस.”

“म्हणजे कसा?”

“काल तू दार दोनदा वाजवलंस. परवा एकदाच वाजवलं होतंस. आणि आज तुझं घड्याळ त्या हातात आहे.” तिची शेळी रुळांवर उभी होती. तिने बोट टेकवलं, शेळी पुढे गेली आणि मागून गाडी धडधडत निघून गेली. “आईला सांगू नको म्हणालास, म्हणून मी नाही सांगितलं.”

तिला मी असं काही म्हणालो नव्हतो.

४

सकाळी घरून निघून मोठा रस्ता ओलांडताना टाकी माझ्या डाव्या हाताला असते. संध्याकाळी परत येताना ती उजव्या हाताला यायला हवी. यासाठी मास्तरसारखं गणित शिकावं लागत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी दुभाजकावर उभा होतो आणि टाकी डाव्या हाताला होती.

मी तिच्याकडे बघत राहिलो. दुसरी टाकी असेल म्हणावं, तर तिसऱ्या खांबावरचा गंजाचा ओघळ तोच होता. माणूस विचारात असला की उजवं-डावं विसरतो, असं मी मनाशी म्हटलं. मग मी दिवस उलगडून पाहू लागलो. सकाळी दार उघडून ऑफिसात शिरलो, जागेवर बसलो. संध्याकाळी उठलो, दार उघडून बाहेर पडलो आणि चालू लागलो. मधे कुठे पाठ फिरवल्याचं मला आठवेना. या चार दिवसांत कधीच आठवेना. ज्या तोंडाने जात होतो त्याच तोंडाने घरी येत होतो आणि घर समोरून येत होतं.

तेवढ्यात माझ्या पुढे एक माणूस रस्ता ओलांडताना दिसला. डाव्या खांद्याला पिशवी, आणि उजव्या हाताने तिची चेन दाबून धरलेली. माझ्या पिशवीची चेन तुटली आहे. मीही ती तशीच दाबून धरतो, आणि त्या क्षणी धरलेलीच होती. तो आमच्या इमारतीशी थांबला नाही. शेजारच्या बोळात शिरला आणि पलीकडे गेला. तो बोळ पलीकडे जातो, हे इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं.

५

शनिवार-रविवार सुट्टी. मी उंबरठा ओलांडला नाही आणि घरात काहीच बदललं नाही. फक्त मागच्या बाजूच्या इमारतीतून आवाज येईनासे झाले होते. भांडी नाहीत, भांडणं नाहीत. बायको म्हणाली, “बरं झालं.” मी त्या खिडकीचा पडदा लावून घेतला. बाहेर पाहिलं नाही. पाहायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

रविवारी दुपारी टिटवी माझ्या पोटावर बसली होती. तिचा खालचा, डावीकडचा दात हलायला लागला होता. जिभेने ती तो पुढेमागे करून दाखवायची आणि मी घाबरल्याचं सोंग करायचं, असा खेळ तासभर चालला. दोरा बांधून ओढू का म्हटलं, तर घरभर पळाली. मला तेव्हा वाटलं, नळ उलटा फिरो नाहीतर काकांची मिशी जावो, ही आहे ना. ही आहे तोवर हे घर माझंच आहे. फार बरं वाटलं होतं मला तेव्हा.

सोमवारी जाऊ नये असं वाटत होतं. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, नवे तुकडे आज नाही आले तर उद्या येऊच नकोस. नोकरदाराला एवढं वाक्य पुरतं. मी गेलो.

संध्याकाळी आल्या आल्या मोजायला लागलो. पायपुसणं गोल होतं. एक. बैठकीतल्या दिव्याची साखळी गेली होती, तिथे बटण होतं. दोन. मग तिसरा शोधू लागलो. नळ पाहिला, कड्या पाहिल्या, फ्रीजमधले कप्पे मोजले, पलंगाखाली वाकलो. बायकोच्या मशीनचं चाक फिरवून पाहिलं, तिने हातावर चापट मारली. तिच्याकडे नीट पाहिलं. कानामागचा तीळ होता तिथेच होता.

तिसरा सापडेना. आज दोनच असतील, असं स्वतःला सांगत मी खाली बसलो.

“बाबा, बघ ना,” टिटवी म्हणाली आणि तिने तोंड उघडलं. जिभेने ती दात पुढेमागे करत होती.

उजवीकडचा.

मी बोट घालून डावीकडचा दाबून पाहिला. तो घट्ट होता. तोंड तेच, त्याला येणारा दुधाचा वास तोच, नाक फेंदारून माझ्याकडे बघण्याची तऱ्हा तीच.

“घाबर ना,” ती म्हणाली. “तू घाबरायचं असतं.”

६

मी तसाच बाहेर पडलो. चपला घातल्या नाहीत. उजेड होता अजून.

आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवून पाठ फिरवली आणि मागे निघालो. मोठा रस्ता ओलांडला. टाकी उजव्या हाताला आली. एक. शाळेचा रस्ता. दोन. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं आणि आवारातला घसरगुंडीचा पत्रा कोणी नसताना वाजत होता. दुकानांचा रस्ता. तीन. दुकानं उघडी होती, गिऱ्हाईकं होती, पण सगळ्यांची तोंडं माझ्या पाठीकडच्या बाजूला होती. तोंड मागे केलेला तिथे मी एकटाच.

“तिकडे कुठे निघालात?” किल्ल्या बनवून देणाऱ्या बाईने विचारलं. तिच्या दुकानावरून मी रोज जातो.

“ऑफिसकडे.”

“ऑफिस पुढे आहे की,” ती म्हणाली आणि मी जिथून आलो होतो तिकडे बोट दाखवलं.

पुढे गल्ली होती. गल्लीच्या तोंडाशी एक झाड, आणि झाडामागे ऑफिसचा रस्ता असायला हवा तिथे भिंत होती. भिंतच म्हणायची. तिला विटा नव्हत्या, सांधा नव्हता, वरची कड कुठे संपते ते दिसत नव्हतं. रंग पुसलेल्या पाटीसारखा. मी हात लावला नाही. जवळ गेलो तसा रहदारीचा आवाज कानाआड होत गेला. दारात बोट सापडल्यावर माणूस ओरडतो तसा मी ओरडलो, “टिटवे!”

आवाज परत आला नाही. आत शिरला आणि तिथेच राहिला.

मग पलीकडून मशीनचा आवाज आला. आमच्याच. तो मी झोपेतही ओळखीन. आधी सलग, मग तुटक तुटक. मशीन थांबलं आणि एक पुरुष काहीतरी पुटपुटला. तो घरात फिरत असावा. शब्द जवळ यायचे, लांब जायचे. दार उघडल्याचा आवाज झाला, फ्रीजचा झाला. तो मोजत होता.

“एक,” तो म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “दोन.”

मी तीनची वाट बघत उभा राहिलो. तीन आलं नाही. आली ती टिटवी. माझी. तिचा आवाज मला कळत नसेल तर मग काय कळणार आहे मला?

“बाबा, बघ ना,” ती म्हणाली.

मी आणखी पुढे सरलो असतो, पण झाडाकडे लक्ष गेलं. मघाशी भिंत झाडामागे होती. आता झाड नव्हतं. पायांखालच्या फरशीची अर्धीच लांबी उरली होती.

मी मागे सरलो. म्हणजे पुढे निघालो. रस्ते ओलांडताना कुठेच मागे पाहिलं नाही. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

७

त्या रात्री मी बैठकीत झोपलो. सकाळी डोळे उघडले तर ती पायाशी बसली होती.

“काल तू कुठे गेलास? दात बघितलास आणि पळालास.”

मी उठलो. तोंड धुतलं, कपडे घातले. ती मागे मागे फिरत होती आणि बोलत होती. स्वप्नाबद्दल, वर्गातल्या बाईंबद्दल, शेळीला नाव हवं याबद्दल. हुबेहूब तसंच बोलत होती, म्हणून मला तिचा राग येत होता. माझी भिंतीपलीकडे कोणाला तरी बाबा म्हणतेय आणि ही इथे त्याच आवाजात माझं डोकं खातेय. परक्याच्या घरी उपाशी असताना समोर आपलंच ताट यावं आणि त्याला हात लावायची सोय नसावी, तसं होत होतं मला.

दाराशी तिने शर्ट धरला. “उचल ना. जाताना रोज उचलतोस.”

मी तिची बोटं एकेक करून सोडवली. “मी तुझा बाबा नाही,” मी म्हणालो. “माझी मुलगी मागे राहिली. तू तिच्यासारखी दिसतेस एवढंच.”

आतलं मशीन थांबलं.

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने विचार केला. सहा वर्षांचं मूल विचार करतं तेव्हा त्याचा खालचा ओठ आत जातो.

“मग माझा बाबा कुठे आहे?”

“पुढे गेला असेल.”

“तो परत येणार आहे?”

“नाही,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला ते माहीत नव्हतं. मला कोणाला तरी दुखवायचं होतं आणि समोर ती होती.

खाली येऊन वर पाहिलं. ती खिडकीत होती. आमच्याकडे रोज हात हलवायचा असतो. तिने गज धरले होते. हात हलवला नाही. बायको तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे अशी पाहू लागली की मी मान खाली घालून चालायला लागलो.

८

ऑफिसात दिवसभर मी एकही तुकडा जुळवला नाही. दुपारी मास्तरजवळ जाऊन बसलो.

“मास्तर, आपण मागे टाकलेल्या पट्टीचं काय होतं?”

“काही होत नाही.”

“पुसून टाकतोस ना?”

“पुसायचं कशाला? आपल्याला दिसत नाही, एवढंच.” तो चहा ढवळत होता.

“आणि पट्टीवर जे उभं असतं ते?”

“तेही असतं की. झाड काय उठून चालायला लागणार आहे?”

“मग शेळीच्या मागून दुसरी शेळी आली तर?”

“तर तिला दिसेल. पण आपली शेळी एकच आहे, बाबा.” त्याने चमचा ठेवला. “तुला बरं नाही का?”

“या ऑफिसला दारं किती आहेत?”

“दोन. हे आणि ते.” त्याने दोन्ही टोकांकडे हात केला. “आल्या दाराने कोणी परत जातं का?”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो गंमत करत नव्हता. माझ्या आठवणीत मास्तर चहा कधीच पीत नसे.

पण त्याच्या बोलण्याने जिवात जीव आला, हे कबूल करतो. पुसलेलं नाही. ती आहे. बाप म्हणून कोणीतरी तिच्याकडे जातंय, आणि जो जातोय तो आज संध्याकाळी माझ्या मागून याच रस्त्यांनी येणार. मला परत जाता येणार नाही, पण त्याला विचारता येईल. दुपारभर मी एवढंच घोकत होतो. दात पडला का, जेवली का, मला शोधतेय का. मग वाटलं, ती शोधेल कशाला? तिच्याकडे बाबा आहे. हा विचार मी दोनदा मनातून हाकलला.

९

संध्याकाळी मी समोरच्या दाराने बाहेर पडलो आणि चार रस्त्यांपैकी तीन ओलांडले. मोठ्या रस्त्याच्या दुभाजकावर एक माणूस उभा होता. गाड्यांमध्ये फट पडत होती, माणसं पलीकडे जात होती, हा जात नव्हता. खांद्याला पिशवी, चेनवर हात. तो वाट बघत होता आणि कोणाची ते मला लांबूनच कळलं.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. चेहऱ्याकडे बघितलं नाही. बघता आलं असतं. कान दिसला, दाढीचा खुंट दिसला, हाताच्या मागच्या शिरा दिसल्या. तेवढ्यानेच मला पुरे झालं. मी टाकीकडे नजर लावली.

“तिचा उजवीकडचा दात हलतोय,” तो म्हणाला. आवाज रेकॉर्ड केलेला ऐकू येतो तसा, थोडा पातळ. “खालचा. पडला का?”

“अजून नाही.”

“काल सकाळी मी तिला सोडून निघालो. मला काय माहीत.” तो थांबला. “जाताना उचलायचं असतं तिला. तुम्ही उचललं असेलच.”

एक ट्रक गेला, त्याचा वारा दोघांच्या अंगावर आला.

“कशी आहे ती?”

मला खिडकीचे गज दिसले. आत गेलेला ओठ दिसला. या माणसाला सांगायला माझ्याकडे एवढंच होतं आणि ते मी त्याला सांगू शकत नव्हतो.

“छान आहे,” मी म्हणालो. चटकन म्हणून टाकलं, टाकीकडे बघत.

तो आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने मान हलवली, पिशवी सावरली आणि फट पडल्यावर पलीकडे गेला. बोळात शिरेपर्यंत मी त्याची पाठ पाहिली. चालताना तो खांदे पाडून चालत होता. मी असा चालतो हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मी दुभाजकावरच थांबलो. पलीकडे चौथ्या मजल्यावर आमची खिडकी होती, तिच्यात दिवा लागला होता. आज तिथे कुठली असेल, तिचा कुठला दात हलत असेल, हे मला बघायचं नव्हतं. मागच्या फुटपाथवरचे आवाज एकेक करून बंद होत होते. आधी दुकानांचे, मग शाळेच्या पत्र्याचा. मी मागे वळलो नाही. फक्त तो यावा, एवढंच मनात म्हणत होतो. तो येईपर्यंत मागची कड इथवर येऊ नये.

मग शेजारी पावलं वाजली. कोणीतरी दुभाजकावर चढलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबलं. धापा टाकत होतं. पिशवीची चेन दाबल्याचा आवाज झाला.

“डावीकडचा,” मी म्हणालो. “खालचा, डावीकडचा दात. पडला का?”

“पडायला आलाय,” तो म्हणाला.

म्हणजे तीच. माझे डोळे भरून आले. रस्त्यावरचे दिवे एकमेकांत मिसळले. मला त्याचा हात धरावासा वाटला. त्याला सांगावंसं वाटलं की तिला दुपारी पोटावर बसायला आवडतं, दोरा म्हटलं की ती पळते, आणि पळाली की तिच्या मागे धावायचं असतं, नाहीतर ती रुसते. हे सगळं त्याला माहीत असणार. त्याच्याकडेही एक आहे.

“कशी आहे ती?” मी विचारलं.

एक बस गेली. तिच्यामागून दुसरी गेली. मी पहिल्यांदा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहिलं. तो टाकीकडे बघत होता.

“छान आहे,” तो म्हणाला. फार चटकन म्हणाला.